रेषेला किती, आठवणीला किती?

जानेवारी २०२२. अमेरिकेतल्या डॅलस शहरातलं ‘हेरिटेज ऑक्शन्स’ हे लिलावघर. बोलीवर आहे एका कॉमिकचं एकच पान: १९८४ सालच्या ‘सीक्रेट वॉर्स’च्या आठव्या अंकातलं, पंचविसावं. बोली उघडली ३ लाख ३० हजार डॉलरला. थांबली तेव्हा कमिशन धरून किंमत झाली होती ३३ लाख ६० हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने जवळजवळ २५ कोटी रुपये. अमेरिकी कॉमिकच्या आतल्या एका पानाला तोवर इतके पैसे कुणीही मोजले नव्हते.

पानावर घडतं काय? स्पायडरमॅनचा फाटका पोशाख बदलायचा आहे. एका परग्रहावरच्या यंत्रातून काळा गोळा बाहेर येतो, त्याच्या हातावर पसरतो आणि बघता बघता सगळं अंग झाकून टाकतो. पुढे याच काळ्या पोशाखातून ‘व्हेनम’ नावाचा खलनायक जन्माला आला आणि मुलांच्या दोन पिढ्या त्याच्यापायी वेड्या झाल्या.

आता या पानाभोवतीच्या गमती बघा. हा काळा पोशाख वाचकांनी काही महिने आधीच, स्पायडरमॅनच्या नेहमीच्या मासिकात पाहिला होता. तो आला कुठून, एवढंच या पानावर उलगडलं. ‘सीक्रेट वॉर्स’ ही मालिका निघाली ती मॅटेल कंपनीच्या खेळण्यांना जोड म्हणून. काळ्या पोशाखाची मूळ कल्पना एका वाचकाने पाठवली होती आणि प्रकाशक मार्व्हलने ती २२० डॉलरला विकत घेतली. कल्पनेला २२० डॉलर, तिच्या एका पानाला ३३ लाख ६० हजार!

चित्रकार माइक झेक. उत्तम हात. पण त्यांचं सगळ्यात सरस काम कोणतं असं मला विचाराल, तर मी १९८७ च्या ‘क्रेव्हन्स लास्ट हंट’कडे बोट दाखवीन. पावसाची, चिखलाची, कबरीतून वर येणाऱ्या माणसाची ती पानं केवळ रेषांच्या बळावर अंगावर येतात. पण विक्रम झाला तो खेळण्यांसाठी निघालेल्या मालिकेतल्या पानाचा.

मग पैसे पडतात कशाचे? चित्र चांगलं आहे याचे, की ते दहाव्या वर्षी पाहिलं होतं याचे?

आधी वस्तू समजून घेऊ

दुकानात मिळायचा तो छापील अंक. त्याच्या लाखो प्रती निघत. इथे गोष्ट चालली आहे ज्या पुठ्ठ्यावर चित्रकाराने खरोखर हात चालवला त्या पानाची. असं पान जगात एकच असतं. अमेरिकेत साधारण १९६७ पर्यंत ही पानं छापील आकाराच्या जवळजवळ दुप्पट काढली जात. नंतर चित्राचा आकार १० बाय १५ इंचांवर आला. संग्राहक त्यामुळे ‘मोठं पान’ आणि ‘छोटं पान’ असा भेद आजही करतात आणि मोठ्या पानाला आनंदाने जास्त मोजतात.

जवळून पाहिलं तर हे पान म्हणजे कारखान्याचा कामाचा कागद. फिक्या निळ्या पेन्सिलीच्या खुणा असतात, कारण छपाईच्या कॅमेऱ्याला तो निळा दिसत नसे. चुकलेलं नाक पांढऱ्या रंगाने झाकलेलं असतं. संवादाचे फुगे कधी वरून चिकटवलेले असतात आणि गोंद पिवळा पडलेला असतो. समासात संपादकाच्या सूचना असतात. छापील अंकाला एक घडी पडली तरी त्याची किंमत कोसळते. मूळ पानावरचे हे डाग मात्र संग्राहकाला प्रिय, कारण प्रत्येक डागात कुणाचा तरी हात दिसतो.

चष्म्याचा पीटर स्वस्त, जाळ्यातला महाग

बाजाराचे काही नियम हौशी मंडळींना तोंडपाठ असतात. कव्हर सगळ्यात महाग. त्याखालोखाल ‘स्प्लॅश’, म्हणजे अख्ख्या पानभर एकच चित्र. मग चौकटींची साधी पानं. त्या साध्या पानांतही नायक पोशाखात आहे का, हा पहिला प्रश्न. एकाच अंकातलं, एकाच हातचं, एकाच आठवड्यात काढलेलं पान. पण त्यावर साध्या कपड्यांतला स्पायडरमॅन, म्हणजे पीटर पार्कर, काकूशी बोलत बसला असेल तर भाव कमी, आणि पुढच्याच पानावर तो मुखवटा घालून भिंतीवर चढला की भाव कितीतरी पट.

चित्रकलेच्या दृष्टीने हे उलटं आहे. स्वयंपाकघरात बसलेल्या दोन माणसांच्या चेहऱ्यावरची काळजी काढणं हे उडी मारणारा मुखवटा काढण्यापेक्षा अवघड. जॉन रोमिटा सीनियर यांची मेरी जेन आणि पीटरची घरगुती पानं बघा: खांदे, मान, बोटं, सगळं बोलतं. रेषेवर जीव असलेल्या माणसाला परवडतील अशी उत्तम पानं याच गल्लीत सापडतात, हे मी अगदी मनापासून सांगते.

एक आकडा, दोनदा

जुलै २०१२ मध्ये टॉड मॅकफार्लेन यांचं ‘अमेझिंग स्पायडरमॅन’च्या ३२८ व्या अंकाचं कव्हर ६ लाख ५७ हजार २५० डॉलरला गेलं. मे २०१४ मध्ये ‘इनक्रेडिबल हल्क’च्या १८० व्या अंकाचं शेवटचं पान विकलं गेलं. किंमत? ६ लाख ५७ हजार २५० डॉलर. एका डॉलरचाही फरक नाही! दोन्हीकडे बोली साडेपाच लाखांवर थांबली होती आणि वर लिलावघराचं साडेएकोणीस टक्के कमिशन लागलं.

दोन वस्तू मात्र अगदी निराळ्या. मॅकफार्लेनचं कव्हर १९९० च्या आरंभीचं. करड्या हल्कला स्पायडरमॅन आभाळात भिरकावतोय, जाळ्याचे धागे स्पॅगेटीसारखे गुंतलेले. ही शैली त्या वेळी नवी होती आणि तिने एक अख्खं दशक आपल्या मागे ओढलं. हल्कचं पान हर्ब ट्रिंप यांचं, १९७४ चं. त्याच्या शेवटच्या एका चौकटीत पुढे गाजलेला नायक वुल्व्हरीन पहिल्यांदा दिसतो. एवढंच. बाकी पान हल्क आणि वेंडिगोच्या मारामारीचं. पैसे त्या एका चौकटीचे पडले.

या पानाची पुढची हकीकत सुंदर आहे. ट्रिंप यांनी ते १९८३ मध्ये एका किशोरवयीन चाहत्याला असंच देऊन टाकलं होतं. तीस वर्षांनी त्या माणसाने ते विकायला काढलं आणि मिळालेल्या रकमेतला मोठा वाटा ‘हीरो इनिशिएटिव्ह’ला दिला. ही संस्था अडचणीत सापडलेल्या जुन्या कॉमिक कलावंतांना मदत करते.

शाई कुणाची?

इथपर्यंत वाचून वाटेल की दर्जाला कुणी विचारत नाही. तर आता जॅक किर्बी यांच्या पानांकडे या.

किर्बी पेन्सिलने काढायचे आणि त्यावर शाई फिरवायचं काम दुसऱ्याचं. ‘फँटास्टिक फोर’वर जो सिनॉट यांची शाई असे: गोल, भरीव, चकचकीत, किर्बींच्या धातूला धातूपण देणारी. ‘थॉर’वर बरीच वर्षं व्हिन्स कोलेटा. कोलेटांचा हात झपाट्याचा. मुदत पाळण्यात पटाईत. पण वेळ वाचवायला ते किर्बींनी काढलेली मागची माणसं, खिडक्या, इमारती सरळ खोडून टाकत, अशी त्यांची ख्याती आहे. कुठे कुठे गर्दीतली माणसं नुसत्या काळ्या सावल्या होऊन उरली.

संग्राहक हे सगळं ओळखून असतात. किर्बी तेच, काळ तोच, नायकही तितकाच लाडका; तरी ‘शाई सिनॉटची आहे’ एवढ्या एका वाक्याने खोलीतली हवा बदलते. लहानपणी वाचणाऱ्या मुलाला शाई कुणाची हे कुठे ठाऊक होतं? त्याला थॉरचा हातोडा ठाऊक होता. शाईसाठी जास्त पैसे मोजणारा माणूस त्या क्षणी आठवणीतून बाहेर आलेला असतो आणि रेषेकडे बघत असतो. माझं म्हणणं नेमकं हेच आहे: आठवण माणसाला लिलावाच्या दारापर्यंत आणते, आणि आत आल्यावर दोन आठवणींतून एक निवडायची वेळ आली की डोळा कामाला लागतो.

फ्रँक मिलर यांच्या ‘डार्क नाइट रिटर्न्स’मध्ये (१९८६) तर दोन्ही गोष्टी एका जागी आल्या. तिसऱ्या अंकातलं बॅटमॅन आणि रॉबिनचं स्प्लॅश पान २०११ मध्ये ४ लाख ४८ हजार १२५ डॉलरला गेलं. पहिल्या अंकाचं कव्हर, विजेच्या लखलखाटापुढे झेपावणारी ती काळी आकृती, जून २०२२ मध्ये २४ लाख डॉलरला. ज्यांनी ते पंधराव्या वर्षी वाचलं त्यांना ते आठवतं. ज्यांनी वाचलंच नाही त्यांनाही ते चित्र थांबवतं.

कुणीच न पाहिलेलं कव्हर

आता अटलांटिक ओलांडू. जानेवारी २०२१, पॅरिस, ‘आर्टक्युरिअल’ लिलावघर. हेर्जे यांनी १९३६ मध्ये ‘टिनटिन’च्या ‘द ब्लू लोटस’साठी केलेलं चित्र: काळ्या पार्श्वभूमीवर लाल ड्रॅगन आणि रांजणातून डोकावणारे भेदरलेले टिनटिन व त्याचा कुत्रा स्नोई. किंमत सुमारे ३२ लाख युरो. त्या वेळचे २८ कोटी रुपये.

हे चित्र कव्हर म्हणून छापलंच गेलं नाही! इतके रंग छापणं प्रकाशक कास्टरमन यांना परवडेना, म्हणून हेर्जे यांनी सोपी आवृत्ती काढून दिली आणि जगाने ती पाहिली. मूळ चित्र, कुटुंबाच्या सांगण्यानुसार, त्यांनी प्रकाशकांच्या सात वर्षांच्या मुलाला दिलं. त्याने त्याच्या घड्या घातल्या आणि ते वर्षानुवर्षं खणात पडून राहिलं. घड्यांचे वळ चित्रावर आजही स्पष्ट दिसतात.

विचार करा. या नेमक्या चित्राची बालपणीची आठवण खरीदणाऱ्याला असणं शक्यच नव्हतं. त्याला आठवत होता टिनटिन. विकत घेतलं ते मात्र न पाहिलेलं चित्र. आणि चित्र आहे तरी कसं! गुआश, जलरंग आणि शाई, स्वतः हेर्जे यांच्या हातची. हा तपशील मोलाचा, कारण १९५० नंतर हेर्जे यांचा स्टुडिओ उभा राहिला आणि कामात सहाय्यकांचे हात मिसळले. शिवाय ‘ब्लू लोटस’च्या काळातच ब्रसेल्समध्ये शिकणाऱ्या चांग चोंग-रेन या चिनी तरुणाशी हेर्जे यांची मैत्री झाली. ऐकीव चीनऐवजी खरा चीन काढायला ते याच पुस्तकात शिकले. रेषा बदलली, दृष्टीही बदलली.

फ्रान्स-बेल्जियममध्ये कॉमिक्सला ‘नववी कला’ म्हणतात आणि तिथले खरेदीदार तसंच वागतात. पानं चौकटीत घालून दिवाणखान्यात लागतात, इतर चित्रांच्या शेजारी.

ज्यांचे पहिले वाचक आता उरले नाहीत

आठवणीची ताकद तपासायची सगळ्यात सोपी कसोटी: आठवण असणारा एकही माणूस जिवंत नसेल तेव्हा काय होतं?

विन्झर मॅके यांचं ‘लिटल निमो’ सुरू झालं १५ ऑक्टोबर १९०५ रोजी. दर रविवारी एक मुलगा झोपतो, स्वप्नात भटकतो, एकदा तर त्याचा पलंगच पाय फुटून शहरावरून चालत निघतो, आणि शेवटच्या चौकटीत तो जमिनीवर आदळून जागा होतो. त्याची बरीच मूळ पानं १९६६ मध्ये एका कार्टून स्टुडिओत सापडली. मॅके यांचा मुलगा तिथे काम करत असे. त्यांतली अनेक पानं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात झळकली.

जॉर्ज हेरिमन यांची ‘क्रेझी कॅट’ तर आणखी मोलाची साक्ष देते. मांजर उंदरावर प्रेम करतं, उंदीर त्याला वीट मारतो, कुत्रा उंदराला तुरुंगात टाकतो. तीस वर्षं हीच गोष्ट, १९१३ ते १९४४. सामान्य वाचकाला ती फारशी झेपली नाही. मालक विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांना आवडायची म्हणून टिकली. म्हणजे बालपणीची गोड आठवण तिच्या वाट्याला तिच्या काळातही बेताचीच आली. तरीही वाळवंटातला चंद्र आणि दर चौकटीत बदलणारे डोंगर काढलेली तिची रविवारची पानं आज चढ्या बोलीने जातात आणि घेणारे बहुतेक तिच्या शेवटानंतर जन्मलेले. हे पैसे निखळ रेषेचे आहेत. दर्जाला भाव नाही असं म्हणणाऱ्याला मी ‘क्रेझी कॅट’चं एक पान दाखवीन.

आपला वेताळ

मराठी वाचकाला हा सगळा मामला परका नाही. मुंबईतून १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू झालं आणि फँटम आपल्याकडे वेताळ होऊन आला. कवटीची गुहा आणि डेंकालीच्या जंगलासकट. आपल्या कित्येकांच्या मनातला वेताळ साय बॅरी यांनी काढलेला आहे. त्यांनी १९६१ पासून १९९४ पर्यंत तो काढला. त्याआधीच्या विल्सन मॅककॉय यांची रेषा भाबडी, ठोकळेबाज. बॅरींची सफाईदार, सावल्यांनी भरलेली. १९७७ मध्ये वेताळ आणि डायनाचं लग्न लागलं ती पट्टी समोर आली तर मी चित्राचा दर्जा बघायला थांबणार नाही, हे उघड आहे. पण मॅककॉय आणि बॅरी शेजारी ठेवून एकच घ्यायला सांगितलं, तर माझा हात बॅरींकडे जाईल, आणि तो केवळ आठवणीने जाणार नाही.

पानं कुणाची?

एक कटू गोष्ट सांगायलाच हवी. पूर्वी ही पानं चित्रकाराला परत मिळतच नसत. छपाई झाली की ती गोदामात जात, काही कापून फेकली जात, काही चोरीला जात. सत्तरच्या दशकात मोठ्या कंपन्या ती परत करू लागल्या. मग विकून आलेल्या पैशांत चित्रकारांचा निवृत्तीचा हिशेब बसू लागला.

पण साठच्या दशकात मार्व्हलसाठी हजारो पानं काढणाऱ्या किर्बींना कंपनीने आधी फक्त ८८ पानं देऊ केली, तीही लांबलचक करारावर सही केली तर. सहकारी कलावंत आणि वाचक त्यांच्या बाजूने उभे राहिले. अखेर १९८७ मध्ये सुमारे दोन हजार पानं त्यांच्या हाती आली. बाकीची कुठे गेली? लिलावात किर्बींचं जुनं पान दिसलं की हा प्रश्न मनात येतोच, आणि यायलाच हवा. आठवणीला लाखो डॉलर मोजणाऱ्या बाजारात ती आठवण घडवणाऱ्या माणसाचा वाटा बहुतेक वेळा शून्य असतो.

याच्या उलट एक उमदी गोष्ट. स्पायडरमॅन पहिल्यांदा अवतरला त्या ‘अमेझिंग फँटसी’च्या १५ व्या अंकाची (१९६२) स्टीव्ह डिटको यांनी काढलेली सगळी २४ मूळ पानं २००८ मध्ये एका अनामिक दात्याने वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकली. त्याच अंकाची एक छापील प्रत, मूळ किंमत १२ सेंट, सप्टेंबर २०२१ मध्ये ३६ लाख डॉलरला गेली. छापील प्रतीला एवढे, तर हातच्या पानांना किती आले असते याचा अंदाज दात्याला नक्कीच असणार. तरी त्याने ती दिली.

झटपट तीन

रॉबर्ट क्रंब यांनी दक्षिण फ्रान्समधलं आपलं घर घेतलं ते चित्रवह्या देऊन. रोख रकमेऐवजी वह्या! त्यांचं ‘फ्रिट्झ द कॅट’चं १९६९ चं कव्हर २०१७ मध्ये ७ लाख १७ हजार डॉलरला गेलं.

बिल वॉटरसन यांनी ‘कॅल्विन अँड हॉब्ज’ची मूळ पानं जवळजवळ विकलीच नाहीत, बहुतेक ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. १९८६ ची हाताने रंगवलेली एक रविवारची पट्टी त्यांनी चित्रकार मित्राला भेट दिली होती, ती २०१२ मध्ये २ लाख ३ हजार १५० डॉलरला विकली गेली.

रॉय लिक्टेनस्टाइन यांनी कॉमिकमधल्या चौकटी मोठ्या कॅनव्हासवर उतरवल्या. त्यांचं ‘नर्स’ २०१५ मध्ये ९ कोटी ५४ लाख डॉलरला गेलं. मूळ चौकटी काढणाऱ्यांची पानं या आकड्याच्या जवळपासही नाहीत. इथे दर्जा आणि आठवण दोन्ही बाजूला राहतात आणि कलादालनाचा शिक्का बोलतो. मला हे अन्यायाचं वाटतं.

पुढची बोली कुणाची?

१९८४ मध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगा २०२२ मध्ये अठ्ठेचाळीसचा होता: नोकरी-धंद्यात स्थिर आणि हाती पैसा. काळ्या पोशाखाच्या पानाची वेळ म्हणूनच तेव्हा आली. हे वय पुढे सरकतं तसा भावही सरकतो. चाळिशी-पन्नाशीची नवी मंडळी मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, वाचून वाढलेली आहेत. २०१८ मध्ये पॅरिसला ओसामू तेझुका यांचं ‘ॲस्ट्रो बॉय’चं एक पान २ लाख ६९ हजार ४०० युरोला गेलं.

त्यानंतरच्या पिढीपुढे वेगळाच पेच आहे. आज कित्येक चित्रकार टॅबलेटवर काढतात, अक्षरं संगणकावर बसतात आणि मागे पुठ्ठा उरतच नाही. काही जण म्हणूनच एखादं कव्हर मुद्दाम कागदावर करतात, विकता यावं म्हणून. पेन्सिल एका कागदावर आणि तिच्या निळ्या छपाईवर शाई दुसऱ्या शहरात, असंही होतं. मग एकाच पानाची दोन ‘मूळ’ पानं तयार होतात आणि खरं कोणतं यावर संग्राहक तासन्‌तास वाद घालतात. मला विचाराल तर पेन्सिलचं घ्या. चित्र सुचलं ते त्या कागदावर.